समाजशास्त्रात एम.ए. केलं, आता पैशाचं काय?

"समाजशास्त्र घेऊन करणार काय?" असं विचारणाऱ्या काका-मामांना उत्तर देत बसू नका. हा प्रश्न एम.ए.च्या पहिल्याच सेमिस्टरला स्वतःला विचारा, आणि आकड्यांत विचारा. नुसत्या पदवीला बाजारात फारसा भाव नाही. तिच्यासोबत हाताला काय येतं, त्याला आहे. मला हे उशिरा कळलं, कारण आमच्याकडे पैशाचा विषय काढला की प्राध्यापक मंडळी एकदम घुर्ये आणि इरावतीबाई कर्वे या जुन्या समाजशास्त्रज्ञांवर जायची.

नेट-सेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा, तुम्हाला माहीत असणारच, म्हणून तेवढ्यावर थोडक्यात. सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते. तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, नेटमधूनच मिळते. पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडे भत्ता. वयाची अट 30 वर्षं, महिलांना आणि एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी व दिव्यांगांना 5 वर्षांची सूट. निव्वळ विषयाच्या जोरावर इतके पैसे मिळण्याची दुसरी जागा मला तरी माहीत नाही. म्हणून "आधी सेट काढा, नेटचं नंतर बघू" हा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. सेटला वयोमर्यादा नाही, जेआरएफला आहे. थांबू शकते ती परीक्षा आधी आणि संपत चाललेली संधी नंतर, हे कुठलं शहाणपण?

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत. अर्ज जरूर करा, पण पैसे वेळेवर येतील हे धरून खोलीभाडं ठरवू नका.

आता तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी: तासाच्या हिशेबानं पैसे देणारी तात्पुरती प्राध्यापकी. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझी ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. सेट निघाली की कॉलेजातून बोलावणं येतं. "सध्या सीएचबीवर या, जागा निघाली की तुमचाच नंबर." घरी पेढे वाटले जातात, गल्लीत तुम्ही 'मॅडम' होता. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये, भत्ते वेगळे. आपण त्याच स्टाफरूममध्ये बसतो, तोच अभ्यासक्रम शिकवतो, तेच पेपर तपासतो. त्यामुळे वाटतं, आज ना उद्या आपणही तिथेच.

कागद-पेन घ्या. समजा तासाला 900 रुपये धरले आणि आठवड्याला 9 तास मिळाले. आठवड्याचे 8,100, महिन्याचे 32,400. वाईट नाही, असं वाटतं ना? पण सेमिस्टरला शिकवण्याचे आठवडे साधारण 15, म्हणजे वर्षाला 30. परीक्षा चालू असताना तास नाहीत, दिवाळीत नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीतच. स्नेहसंमेलनाचा आठवडा गेला, क्रीडा महोत्सव गेला, निवडणुकीच्या कामाला वर्गखोल्या गेल्या. हाती 25 आठवडे राहिले तर वर्षाचे 2,02,500. त्याला बाराने भागा: महिन्याला 16,875. यातून एसटीचं भाडं वजा करा. दोन गावांतली दोन कॉलेजं धरली असतील तर दोनदा वजा करा.

हे पैसेही दर महिन्याला येत नाहीत. हजेरीपटावरून तास मोजले जातात, बिल प्राचार्यांच्या सहीनं उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं, तिथे त्रुटी निघते, परत येतं. एकदा माझं बिल परत आलं ते एका तासासाठी. टाइमटेबलमध्ये तो तास सकाळी दहाचा होता आणि मी पटावर अकराचा लिहिला होता, कारण त्या दिवशी दहाला हॉलमध्ये व्याख्यान होतं. विभागातल्या सगळ्यांची बिलं त्यापायी अडकली. पैसे आले तेव्हा पुढचं सत्र सुरू झालं होतं. मधल्या काळात घर भावाच्या पगारावर चाललं.

नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते. दर वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, आणि मुलांनी विषय कमी घेतला की वर्कलोडच गायब. विद्यापीठाची मान्यता नसेल तर तुमच्या अनुभवाच्या दाखल्याला कोणी विचारत नाही. कायम जागेसाठी जी लाखांची कुजबुज चालते, ती तुम्ही ऐकलीच असेल.

म्हणून सीएचबी करूच नका का? करा की. शिकवण्यातला आनंद खोटा नाही. जातीवरचा धडा शिकवताना मागच्या बाकावरची एखादी मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते, तो तास पैशात मोजता येत नाही. फक्त सोबत दुसरं काही चालू ठेवा आणि मुदत आधीच ठरवून टाका. दोन वर्षं, फार तर तीन.

आणखी एक दार बंद निघतं ते आधी ऐकून ठेवा. सरकारी हॉस्पिटलातला समाजसेवा अधीक्षक, कारखान्यातला कल्याण अधिकारी ही पदं आपलीच वाटतात. त्यांना समाजकार्याची (एमएसडब्ल्यू) किंवा कामगार कल्याणाची ठरावीक पदवी-पदविका लागते. आपलं एम.ए. तिथे चालत नाही. जाहिरातीतली शैक्षणिक पात्रता शब्दन् शब्द वाचा.

यूपीएससीला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथेही तो घेता येतो. फायदा नक्कीच होतो. पण इंजिनिअर मुलंही हाच विषय घेतात आणि आपल्यापेक्षा नेटकी उत्तरं लिहितात, हे विसरू नका.

मला शेवटी पोसलं ते संशोधन पद्धतीच्या पेपरनं. तोच पेपर, जो अर्धा वर्ग गाइडमधून पाठ करून पास होतो. (गाइड छापणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.) कंपनी कायदा 2013 मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. ज्यांची ही रक्कम 10 कोटी किंवा जास्त आहे, त्यांना 2021 पासून 1 कोटी किंवा जास्तीच्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यमापन, म्हणजे प्रकल्पानं काय बदललं याची तपासणी, बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ते काम करायला माणसं लागतात. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेनं केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 6 लाखांहून जास्त घरांत माणसं गेली. तीही कोणाला तरी नेमावीच लागली.

आपला उपयोग काय, ते मला माणदेशातल्या एका ओसरीवर कळलं. टॅबवर प्रश्न होता, "तुम्ही काय काम करता?" बाई म्हणाल्या, "काय नाय, घरीच असते." माझ्यासोबतचा मुलगा 'गृहिणी' टिपून पुढे निघाला होता. मी विचारलं, "सकाळपासून काय काय केलंत?" धारा काढल्या, डेअरीला दूध घातलं, शेळ्यांना पाला आणला, दुपारी शेजारच्या रानात भांगलण, तीही रोजानं. नोंद बदलली. अशा नोंदी शेकड्यानं चुकल्या की अहवालात गावातल्या निम्म्या बायका बिनकामाच्या ठरतात. असं खोदून विचारायला आपल्याला शिकवलेलं असतं. एमबीए झालेल्या पोरांना तक्ते छान जमतात, हे क्वचितच जमतं.

पण तक्ते आपल्यालाही जमायला हवेत. एक्सेलचं पिव्होट टेबल, आणि 'आर' किंवा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरांपैकी एक काहीतरी नीट शिका. 'आर' फुकट आहे, यूट्यूबवर भरपूर आहे, महागड्या कोर्सच्या नादी लागू नका. इंग्रजीत दोन पानी अहवाल लिहून बघा. वाईट होईल, होऊ द्या, दुसरा बरा होतो. एम.ए.चा लघुप्रबंध कट-पेस्ट न करता खरा 60-70 घरांचा करा. मुलाखतीत माझ्या मार्कशीटकडे कोणी पाहिलं नाही, प्रश्नावली मात्र मागून घेतली. आणि जे मार्गदर्शक प्राध्यापक स्वतःची बँकेची कामं तुमच्याकडून करून घेतात, ते शिफारसपत्र देतानाही टाळाटाळ करतात. विभागातले सीनियर जास्त कामाला येतात, त्यांना फोन करा.

सर्वेक्षणाच्या कामातही खड्डे आहेत. प्रकल्प संपला की करार संपतो, आणि महिना-दोन महिने रिकामे जातात. दिवसाच्या मानधनावर घेतात की घरटी, प्रवासाचे दिवस धरणार की नाही, मुक्काम आणि जेवणाचे पैसे कोण देणार, हे मेलवर लिहून घेतल्याशिवाय बॅग भरू नका. "मॅडम, सगळं होऊन जाईल" असं कोऑर्डिनेटर फोनवर म्हणाला, तर त्यालाच ते वाक्य मेलवर पाठवायला सांगा.