बॅकअप घेतलाय? मग परत आणून दाखवा

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातला कॉम्प्युटर पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मालकांनी मला बोलावलं. "काय काळजी न्हाई, बॅकअप हाय की," म्हणाले. होता खरा. त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, गाळाने भरलेल्या हार्ड डिस्कवर.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात गेलो की "बॅकअप आहे का?" असं मी विचारत नाही. त्याला सगळे "हो"च म्हणतात. मी म्हणतो, "मागच्या मंगळवारची एक फाईल काढून दाखवा." पुढे लिहिलंय ते दोन ते दहा कॉम्प्युटर असलेल्या ऑफिससाठी. सर्व्हर रूम असलेल्यांकडे यासाठी पगारी माणूस असतो.

आधी कागद घ्या, डिस्क नंतर

काय वाचवायचं याची यादी हाताने लिहा. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सगळ्यांना आठवतो. डेस्कटॉपवरचा ढीग, मेल, बिलांचे स्कॅन मात्र राहून जातात. आणि हमखास विसरतात ते फॉन्ट. आपल्याकडे जुनी मराठी पत्रं, ठराव, सभेची इतिवृत्तं युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फाईल सुखरूप परत येते, पण नव्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. एका संस्थेत याच कारणामुळे दोन दिवस "फाईल खराब झाली" म्हणून रडारड चालली होती. फाईल धडधाकट होती, फॉन्ट नव्हता. त्यामुळे फॉन्ट, सॉफ्टवेअरचे सिरियल नंबर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डरही यादीत घ्या.

तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत गावाबाहेर

हा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. 'गावाबाहेर'चा कोल्हापुरी अर्थ म्हणजे पंचगंगेचं पाणी पोचणार नाही तिथे. दुकान व्हीनस कॉर्नरला आणि दुसरी प्रत दसरा चौकातल्या पाहुण्यांकडे, याला दोन जागा म्हणत नाहीत. विद्यापीठाच्या बाजूला, उंचावर कुणी घरचं असेल तर तिथे ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलंय: बातमीत ३९ ऐकलं की कॉम्प्युटरची पेटी माळ्यावर आणि डिस्क घरी. ४३ ची वाट बघायची नाही.

कॉपी कशी घ्यायची

बाकीचे एंट्र्या मारत असताना टॅलीचा फोल्डर नुसता कॉपी-पेस्ट करू नका. अर्धवट लिहिलेली फाईल हाती येऊ शकते. सगळ्यांना बाहेर काढून टॅलीतल्याच बॅकअपच्या सोयीने घ्या. दोन डिस्क ठेवा, एकीला लाल पट्टी, दुसरीला हिरवी, आणि त्या आठवड्याआड बदला. कॉपी झाली की केबल काढायची. केबल लावलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) लेखी त्याच कॉम्प्युटरचा भाग असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला तेव्हा हे पुष्कळांना कळलं.

रेड (RAID), म्हणजे तीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी सोय, म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर तो वाचवेल, पण तुम्ही चुकून उडवलेली फाईल तो दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे उडवेल. गूगल ड्राइव्हवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरचंही तेच: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं आणि तिथल्या कचरापेटीतून ३० दिवसांनी कायमचं जातं.

आता खरं काम: परत आणा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या एकाहून अनेक सोयी होत्या. बघायला गेले तर रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता आणि चूक कळवणारे मेलही अडवले जात होते. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. एवढ्या जाणत्या लोकांचं हे, मग आपलं काय?

तालीम अशी करा. दुसरा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घ्या. दोन-तीन आठवड्यांपूर्वीची प्रत निवडा, कालची नको. टॅलीचा डेटा नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये आणा. चालू डेटा असलेल्या मशीनवर, त्याच जागी रिस्टोअर केलंत तर आजच्या नोंदींवर जुन्या बसतील, आणि तालमीतच मुडदा पडेल. मग एका तारखेचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी) काढून छापील कागदाशी जुळवा. एक एक्सेल उघडा, एक मराठी पत्र उघडा. सगळ्याला घड्याळ लावा.

ऑनलाइन प्रत असेल तर हिशोब आधीच करा: २०० जीबी डेटा, ५० एमबीपीएसची लाइन, म्हणजे ती पूर्ण वेगाने चालली तरी जवळपास नऊ तास. पुरात लाइन असेलच असंही नाही.

आणि ही तालीम मी करायची नाही, तुमच्या अकाउंटंटने करायची. मी शिरोलीला अडकलो, हायवेवर पाणी आलं, तर फोनवरून डिस्क लावता येत नाही. मी फक्त शेजारी बसतो आणि तोंड बंद ठेवतो. ते अवघड जातं.

किती वर्षं ठेवायचं

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं. त्यासाठी वर्षअखेरीची एक प्रत वेगळी काढा. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. बॅकअपला पासवर्ड घातला असेल तर तो कागदावर, डिस्कपासून दूर.

तालमीला मी जूनचा पहिला आठवडा धरतो, पावसाच्या आधी. शाहूपुरीचे ते काका आता स्वतःच फोन करतात. यंदा त्यांच्या अकाउंटंटला ३५ मिनिटं लागली. त्यातली दहा कपाटाची किल्ली शोधण्यात गेली, कारण ती धाकट्या भावाकडे होती आणि भाऊ मार्केट यार्डात. आता किल्ली कुणाकडे, तेही यादीच्या कागदावर लिहिलंय.