जुन्या टोपोशीटवर गाव शोधताना या चुका टाळा

जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा गावं, वाटा, उंची दाखवणारा नकाशा, हाती आली की आपण सगळ्यांत आधी आपलं गाव शोधतो. त्याआधी नकाशाच्या कडेचा समास वाचा. छपाईचं साल तेच मोजणीचं साल असं धरून चालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मोजणी कोणत्या हंगामात झाली, शीट कधी छापली, दुरुस्ती कधी झाली, हे कडेला वेगवेगळं दिलेलं असतं. स्वातंत्र्यानंतर छापलेल्या शीटवरही कधी कधी त्याआधीच्या मोजणीतली गावं असतात.

पडताळा घ्यायला कोयनेचं खोरं उत्तम. तिथे शिवसागर जलाशयाऐवजी नदी, काठच्या वाड्या आणि वाटा दिसत असतील तर मोजणी धरणाआधीची, म्हणजे १९६०च्या दशकापूर्वीची. पण तलाव दिसला म्हणजे शीट नवी, असं उलटं गणित मांडू नका. माणदेशातला राजेवाडीचा तलाव ब्रिटिश काळातलाच आहे.

सांगली जिल्ह्याची हद्द सापडत नाही म्हणून शीटलाच खोटं ठरवणारेही असतात. १९४९ पूर्वी तो जिल्हाच नव्हता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी वाळवा, तासगाव साताऱ्यात होते, आटपाडी औंध संस्थानाकडे, आणि सांगली, मिरज, जत ही स्वतंत्र संस्थानं. त्यामुळे आज एकाच तालुक्यात असलेल्या दोन गावांमधून जाणारी ठळक तुटक रेघ संस्थान आणि खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अंमलाखालच्या, मुलखाची सीमा असू शकते. माझ्या मते शीटवरची सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच, आणि तिच्याकडेच फारसं कुणी बघत नाही.

वाटांचंही तसंच. गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा निराळ्या असतात. सगळ्यांना ‘जुना रस्ता’ म्हटलं तर घाटातून कोकणात माल कसा जायचा ते कळतच नाही. गावाची खूण पोकळ दिसली तर शीटवरची खुणांची सूची बघा, ते बेचिराख, म्हणजे ओस पडलेलं, गाव असू शकतं. एक इंचाला एक मैल या शीटवर उंची फुटांत असते, मीटर समजू नका.

मोबाइलवरच्या नकाशावर शीट बसवली की ती सरकलेली दिसते, कारण जुनी मोजणी एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, बेतलेली आहे आणि मोबाइलचा नकाशा वेगळ्या मापावर. जुळवायला कृष्णेचं वळण घेऊ नका, नदी काठ बदलते. अजिंक्यतारा, सज्जनगड, जुनं देऊळ अशा न हलणाऱ्या खुणा घ्या.

आणि शिवेच्या किंवा पाणंदीच्या भांडणात ही शीट पुरावा म्हणून नेऊ नका. तिच्यावर गट नंबर नसतात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा काढा, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर सरकारी मोजणीचा अर्ज करा.