रेझिन वाळत नसते: दागिने करताना या चुका टाळा

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच तक्रार घेऊन येतो, "ताई, रेझिन वाळलंच नाही." रेझिन वाळत नसते. इपॉक्सी रेझिन हा द्रव आणि हार्डनर हा त्यात मिसळायचा दुसरा द्रव, यांची रासायनिक अभिक्रिया होऊन ते घट्ट होते. त्यातून पाणी उडून जायचे नसल्यामुळे पंख्याखाली ठेवून काहीही साधत नाही. वाळते ती एअर ड्राय क्ले, म्हणजे हवेत सुकणारी माती, आणि प्लास्टिकपासून केलेली पॉलिमर क्ले तर वाळतही नाही, ती भाजावी लागते. हे तीन वेगळे स्वभाव एकाच शब्दात कोंबले की पुढच्या बहुतेक चुका आपोआप घडतात.

त्यांतली सर्वांत महागडी चूक म्हणजे लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणे. गणपतीच्या आधी एका विद्यार्थिनीने स्टॉलसाठी चाळीस जोड झुमके ओतले आणि संध्याकाळपर्यंत साच्यातून निघावेत म्हणून प्रत्येक कपात हार्डनरची थोडी वाढीव धार सोडली. तिसऱ्या दिवशीही झुमक्यांवर बोट टेकवले की ठसा उमटत होता, आणि पॅकिंगच्या कागदाचे तंतू त्यांना कायमचे चिकटले होते. हार्डनरचा प्रत्येक रेणू रेझिनशी जोडला जावा लागतो; जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच आत राहतो आणि वस्तू मऊ, चिकट ठेवतो. असा दागिना मी दुरुस्त करत नाही, टाकून देते, कारण तो कोणाच्या तरी कानाला, गळ्याला लागणार असतो.

याच चुकीचे दुसरे रूप जास्त फसवे आहे. बाटलीवर २:१ असे प्रमाण लिहिलेले असते, पण ते आकारमानाने की वजनाने, हे कोणी वाचत नाही. इपॉक्सी रेझिन पाण्यापेक्षा साधारण १.१ पट जड असते, तर हार्डनर बहुधा पाण्याइतकाच किंवा किंचित हलका असतो. त्यामुळे आकारमानाचे प्रमाण वजनकाट्यावर मोजले की मिश्रण बिघडते. थोड्या रेझिनमध्ये ही चूक आणखी मोठी होते, कारण दहा ग्रॅममध्ये एका ग्रॅमचा फरकही बराच असतो. मी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरते, वजनाचे प्रमाण दिलेले रेझिनच घेते, आणि तीन मिनिटे ढवळून झाल्यावर मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळते, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेला थर नेहमी राहतो.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून घडली, आणि ती कोल्हापूरच्या पावसाळ्याने शिकवली. कोल्हापुरी साजाची २१ पाने एअर ड्राय क्लेमध्ये घडवायची, वर रेझिनचा पातळ थर द्यायचा आणि गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, सोन्याच्या साजाची ठेवण हलक्या, परवडणाऱ्या दागिन्यात आणायची, असे मी ठरवले होते. आषाढ चालू होता. दोन दिवसांनी पाने हाताला कोरडी लागली म्हणून मी रेझिन दिले. सकाळी पाहिले तर साजातल्या कासवाच्या पानावर, त्याच्या पाठीच्या नक्षीत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे अडकले होते आणि सगळ्या पानांवर दुधासारखी साय आली होती. बुडबुडे क्लेच्या आतल्या ओलाव्याचे आणि हवेचे होते. साय हवेतल्या दमटपणामुळे हार्डनरची झाली होती. ती कोमट साबणपाण्याने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून, नवा थर देऊन निघाली. आतले बुडबुडे मात्र निघाले नाहीत. तेव्हापासून मी क्लेचा प्रत्येक तुकडा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवते आणि रोज त्याचे वजन करते. सलग दोन दिवस वजन तेच भरले, तरच तो वाळला असे मी मानते, आणि रेझिनआधी सीलरचे, म्हणजे क्लेची छिद्रे बंद करणाऱ्या लेपाचे, दोन हात देते. हाताच्या स्पर्शावर माझा आता विश्वास नाही.

कुंभार गल्लीतून आणलेली शाडू वापरू का, असेही विचारले जाते. न भाजलेली शाडू पाण्यात विरघळते, दागिन्यासाठी ती नको.

पॉलिमर क्ले भाजताना ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. पाकिटावरचे तापमान, बहुधा ११० ते १३५ अंश, तंतोतंत पाळा. वेळ वाचवण्यासाठी उष्णता वाढवली तर ही क्ले पीव्हीसी प्लास्टिकची असल्यामुळे जळते आणि घातक धूर सोडते. म्हणूनच स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ती भाजू नये. कमी भाजलेला तुकडा दिसायला सुरेख असतो आणि पहिल्यांदा खाली पडला की तुटतो.

यूव्ही रेझिनमध्ये, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, गडद रंग मिसळून एकदम जाड थर ओतू नका. प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून एकेक मिलिमीटरचे थर द्या. घरी वाळवलेली फुले पुरेशी कोरडी नसतील तर रेझिनमध्ये तपकिरी पडतात. बुडबुडे घालवण्यासाठी सिलिकॉनच्या साच्यावर लायटर धरल्यास साचा खराब होतो. त्याऐवजी रेझिनची बाटली आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी.

हातमोजे नायट्राइलचेच घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि त्यानंतर एक थेंबही त्वचेला चालत नाही.