इंदूरजवळ दोन दिवसांचा आरसी मॉडेल शो कसा भरवावा

रिमोटवर (आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल) उडणारी विमानं, धुरळा उडवत पळणाऱ्या गाड्या आणि भोवती दोन-तीनशे माणसं, असा शनिवार-रविवारचा शो भरवायचा ठरला की मंडळी आधी मॉडेलांची यादी करायला बसतात. यादी नंतर करा. आधी कोऱ्या कागदावर एक रेघ ओढा. रेघेच्या अलीकडे माणसं, पलीकडे मॉडेलं. जागा कुठली घ्यायची, धावपट्टी कशी आखायची, कोणाला उडवू द्यायचं आणि कोणाला हात जोडून नाही म्हणायचं, हे सगळं त्या रेघेवरून ठरत जातं.

जागा शोधणं

इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला अगदी चिकटून आहे, आणि पहिली अडचण तीच. सुपर कॉरिडॉर या रस्त्याच्या बाजूचे रिकामे पट्टे पाहून मोह होतो. तो आवरा, कारण विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत हौसेखातर उडवली जाणारी २५ किलोपर्यंतची मॉडेलंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्याबाहेरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत तशी परवानगी लागत नाही. आता नकाशावर विमानतळाभोवती १२ किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा. जुनं शहर जवळजवळ सगळं आत जातं. महूकडे लष्करी हद्द आहे, म्हणून तीही दिशा सोडा. उरतात बायपासच्या पलीकडचे नेमावर रस्ता आणि खंडवा रस्ता. तिथली जागाही डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर टाकून हिरवी आहे ना, हे पाहिल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका.

शेतकऱ्याकडे जागा मागताना त्याची सर्वांत वाईट जमीन मागा. माळव्याची काळी माती सोयाबीनला उत्तम, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि छोट्या चाकांचं विमान भेगेत अडकून नाकावर आपटतं. जरासा पाऊस झाला तर तीच माती बुटाला किलोभर चिकटते. बरड, मुरमाड तुकडा मिळाला तर सोनं. त्यावर दोनदा रोलर फिरवला की ८० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्टी तयार होते. फोमच्या आणि बाल्सा या हलक्या लाकडाच्या लहान विमानांना तेवढी पुरते.

आजूबाजूच्या शेतांच्या मालकांनाही आधीच भेटा. डिसेंबरात तिथे गहू उभा असतो आणि तुमचं एखादं विमान त्यात पडणारच. पडलं तर एकच मुलगा बांधाने जाऊन आणेल आणि नुकसान झालं तर भरून देऊ, एवढं आधी बोलून ठेवलं की पुढचं भांडण टळतं. त्यांच्या घरच्या पोरांना पहिल्या रांगेत बसवा.

बोटींचा हट्ट पहिल्या वर्षी नको. सिरपूर आणि यशवंत सागर ही रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळं आहेत, पक्ष्यांची जागा. तिथे मोटारच्या बोटी सोडायचा विचारही करू नये. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून तर मोठी माणसंही घसरतात.

तारीख आणि कागदपत्रं

डिसेंबरचा मधला किंवा शेवटचा आठवडा उत्तम. आकाश स्वच्छ, सकाळी वारा मंद. जानेवारीत जायचं असेल तर संक्रांतीच्या मागचे-पुढचे आठ दिवस टाळा, कारण तेव्हा आकाश पतंगांचं असतं आणि मांजात सापडलेल्या प्रॉपचं (विमानाच्या पुढच्या पंख्याचं) काय होतं ते सांगायला नको.

अर्ज महिनाभर आधी द्या: ग्रामपंचायत, हद्दीतलं पोलिस ठाणं आणि एसडीएम (प्रांताधिकारी) कार्यालय. लाऊडस्पीकरचं त्याच अर्जात लिहा. सण, निवडणूक किंवा मोठ्या पाहुण्यांच्या दौऱ्याच्या वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) ड्रोन उडवण्यावर बंदी येऊ शकते. शहरात असा आदेश पोलिस आयुक्तांकडून निघतो, ग्रामीण भागात जिल्हा प्रशासनाकडून. म्हणून शोच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा ठाण्यात चक्कर मारा. 'आमची विमानं आहेत, ड्रोन नाहीत' हा युक्तिवाद तिथे चालत नाही, आणि नियमाच्या भाषेत तो खराही नाही.

पहिल्या शोला २ किलोच्या आतलीच मॉडेलं घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. या वजनापर्यंत हौशी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही आणि पडल्यावर होणारं नुकसानही आवाक्यात राहतं. २५० ग्रॅमच्या वरच्या मॉडेलांना तृतीय पक्ष विमा लागतो. नावनोंदणी करतानाच त्याची प्रत मागून घ्या. टर्बाइनवाले जेट घेऊन कोणी यायला तयार असेल तर त्याला पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्या.

मैदानाची आखणी

हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून पायलट आणि प्रेक्षक पट्टीच्या दक्षिणेला ठेवा, तोंडं उत्तरेकडे. ऊन पाठीवर येतं आणि विमान काळ्या ठिपक्यासारखं न दिसता रंगांसकट दिसतं. पट्टी पूर्व-पश्चिम आखली की वारा ज्या टोकाकडून येईल त्या टोकाकडे तोंड करून उडता येतं.

पट्टीच्या कडेपासून ८-१० मीटर मागे पायलटांचा चौकोन. त्याच्या मागे किमान ३० मीटरवर दोर, आणि दोराच्या मागे प्रेक्षक. मधल्या जागेत तपासणीची टेबलं. चुन्याची रेघ पुरत नाही. बांबू रोवून कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधा, म्हणजे चार वर्षांचं पोरही वाकून जाताना दिसतं. पार्किंग आणि खाण्याच्या टपऱ्या त्याच्याही मागे. पट्टीच्या दक्षिणेला कोणत्याही विमानाने यायचं नाही. चुकून आलं तर त्या पायलटची त्या दिवसाची पाळी संपली.

हे सांगायला एक माणूस लागतो, आणि शोमधली सर्वांत महत्त्वाची नेमणूक हीच. त्याने स्वतः काही उडवायचं नाही. त्याच्याकडे शिट्टी असावी, आवाज मोठा असावा आणि मित्राला नाही म्हणताना जीभ अडखळू नये. निवृत्त पीटी मास्तर मिळाले तर आणखी काय हवं! आपल्याकडे 'अहो, एकच राउंड मारतो' म्हणणाऱ्यांची कमी नाही.

गाड्यांचा ट्रॅक वेगळ्या कोपऱ्यात. शेतातले जुने काळे पाइप जमिनीवर अंथरून वळणं करा. १:१० मापाची बगी त्यावर आपटली तरी दोघांचं काही बिघडत नाही. पहाटे पाणी शिंपडा, नाहीतर दुपारपर्यंत बेअरिंगांत आणि बघ्यांच्या घशात सारखीच धूळ जाते. हेलिकॉप्टरला ट्रॅकपासून आणि गर्दीपासून दूर स्वतंत्र चौकोन द्या. त्याची पाती प्रॉपपेक्षा लांब आणि जास्त घातक असतात.

शनिवारी सकाळी: टेबलावरची तपासणी

जे मॉडेल टेबलावरून पास होत नाही ते पट्टीवर जात नाही, मग मालक कितीही अनुभवी असो. प्रत्येकी पाच मिनिटं पुरतात. विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलून बघा. बहुतेक साध्या ट्रेनर विमानांत तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर यायला हवा. शेपूट जड असलेलं विमान हातात येत नाही. मग एलेरॉन, एलेव्हेटर, रडर (पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) हलवून दिशा बघा. दुरुस्तीनंतर उलटा जोडलेला सर्व्हो (या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) हे विमान पडण्याचं जुनं कारण आहे आणि ते टेबलावर दहा सेकंदांत सापडतं.

त्यानंतर फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय. प्रॉप काढून किंवा विमान घट्ट धरून ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर विमानातला रिसीव्हर पुन्हा सेट करून आणा. शेवटी रेंज: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडवर टाकून तीसेक पावलं मागे जा आणि सगळे सर्व्हो न थरथरता हलतात का, ते पाहा.

आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ एकमेकांशी भांडत नाहीत. पूर्वी क्रिस्टलवाल्या ७२ मेगाहर्ट्झच्या सेटांत दोघांचा चॅनल एक आला की एक विमान खाली यायचं, म्हणून मैदानावर फळा असायचा आणि ज्याच्या हातात चिमटा त्यालाच रेडिओ चालू करता यायचा. एफपीव्हीवाले (विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलवर बघत उडवणारे) येणार असतील तर तो फळा पुन्हा बाहेर काढा. त्यांच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या व्हिडिओत आजही चॅनल आदळतात आणि गॉगलवर चित्राऐवजी खरखर दिसते. कपड्यांचे साधे चिमटे, त्यावर चॅनलचा आकडा, काम झालं. गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांनी विमान बघणारा साथीदार हवाच.

दिवसाचा क्रम

सूर्य सातच्या सुमारास येतो. आठपासून दहापर्यंतची शांत हवा ग्लायडर आणि हलक्या फोम विमानांची. वारा वाढला की जड आणि वेगवान मॉडेलं. एका वेळी आकाशात तीनपेक्षा जास्त नकोत. दुपारी एक ते तीन विमानं बंद, गाड्यांच्या शर्यती चालू. पायलट जेवतात आणि लोकांना टेबलावरची मॉडेलं जवळून बघता येतात. साडेचारनंतर सूर्य पट्टीच्या पश्चिम टोकाला उतरतो, म्हणून शेवटच्या फेऱ्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागातच घ्या आणि पाचला शिट्टी वाजवा.

माइकवर बोलणारा मराठी आणि हिंदी दोन्हींत रमणारा असावा. रामबाग, सुदामा नगरहून आलेल्या मराठी आजोबांना आणि शेजारच्या गावच्या पोरांना एकाच वेळी सांभाळायचं आहे. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी बोट चालवून दाखवली होती, इथून सुरुवात केली तर मुलं कान टवकारतात.

मुलांना नुसतं बघायला लावू नका. थर्माकोलची हातफेकी ग्लायडरं करून उडवायला द्या. मोठ्या मुलांसाठी दोन ट्रान्समीटर जोडून शिकवायची सोय करा: मुलगा चालवतो, शिकवणारा स्विच सोडून ताबा परत घेतो. या टेबलासमोरची रांग दिवसभर हटत नाही, तेव्हा तिथे दोन शिक्षक ठेवा. आणि रांगेपर्यंत तळलेल्या गराडूचा (इथल्या कंदाचा) वास पोचणार नाही, एवढी टपरी लांब लावा.

बॅटऱ्या आणि बोटं

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या चार्ज करायची जागा एकच ठेवा, उघड्यावर, गर्दीपासून आणि वाळलेल्या गवतापासून दूर. शेजारी वाळूच्या चार बादल्या. बॅलन्स चार्जिंग (सगळे सेल सारखे भरणारं), दर सेलला ४.२ व्होल्टवर थांबायचं, फुगलेली बॅटरी चार्जरला लावायचीच नाही आणि टेबल सोडून कोणी चहाला जायचं नाही.

जखमा बहुतेक प्रॉपच्या असतात, आणि त्याही उडताना नाही तर टेबलावर बॅटरी जोडताना होतात. मोटर बंद ठेवणारा स्विच प्रत्येक रेडिओवर लावून घ्या. प्रथमोपचाराची पेटी आणि एक डॉक्टर मैदानावर हवा. १०८ला सांगायचा पत्ता, जवळच्या खुणेसकट, माइकवाल्याकडे लिहून ठेवा.

विमान गव्हात पडलं तर

सगळे धावतात, ते थांबवा. पायलटने जागेवरून न हलता पडलं त्या दिशेला हात धरून ठेवायचा. दुसऱ्या एकाने पट्टीच्या दुसऱ्या टोकावरून तसाच हात धरायचा. दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे आणणारा मुलगा जातो, फोनवर सूचना घेत. थ्रॉटल खाली असेल तर बरेच ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) काही मिनिटांनी स्वतःच बीप-बीप करू लागतात. तोवर थांबणं पिकाच्या फायद्याचं.

रविवारी आवरताना

ओला आणि सुका कचरा वेगळा करायला इंदूरकरांना शिकवावं लागत नाही, डबे तेवढे पुरेसे ठेवा. फोमचे तुकडे मात्र डब्यात येत नाहीत, ते जमिनीवर राहतात आणि गुरं खातात. म्हणून अंधार पडायच्या आत दहा जणांनी हातभर अंतर ठेवून एका ओळीत पूर्ण मैदान चालायचं. तुटलेले प्रॉप, स्क्रू, टेपचे तुकडे, बांबूंचे खुंट, सगळं उचलायचं. खड्डे बुजवायचे. शेतमालकाला सोबत घेऊन एक फेरी मारायची आणि गव्हाची भरपाई त्याच जागी रोख द्यायची. उरलेल्या लिपो भरलेल्या किंवा रिकाम्या अवस्थेत घरी नेऊ नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून मगच डब्यात ठेवा.