झोपाळ्याच्या फळीला जवसाचं तेल कसं द्यावं

लाकडाला कुठलं तेल चालतं आणि कुठलं नाही, हे कळायला काचेचा एक तुकडा आणि आठवडाभराचा धीर पुरतो. काचेवर चार ठिकाणी चार तेलांचा एकेक थेंब टाका: जवस, करडई, शेंगदाणा, खोबरेल. बोटानं अगदी पातळ पसरा आणि काच धूळ लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवून द्या. शेंगदाण्याचं आणि खोबरेल तेल आठ दिवसांनीही तसंच ओलं राहील. करडईचं चिकट होऊ लागेल. जवसाच्या तेलाची मात्र पिवळसर, नखानं खरवडून काढावी लागेल अशी कातडी झालेली असेल. रंगाच्या उघड्या डब्यावर जी साय धरते, ती हीच.

हा प्रयोग मी उशिरा केला. त्याआधी घरातल्या सागवानी चौरंगाला 'तेलानं लाकूड पोसतं' म्हणून मनसोक्त गोडेतेल चोळलं होतं. पहिले दोन दिवस चौरंग सुंदर दिसला. नंतर त्याला खवट वास येऊ लागला, धूळ बसली, मुंग्या लागल्या, आणि बसणाऱ्याच्या कपड्यांवर डाग पडले ते वेगळेच.

चूक कुठे झाली? 'तेल वाळतं' हा शब्दच फसवा आहे. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. वाळलेल्या थराचं वजन मूळ तेलापेक्षा कमी न होता सुरुवातीला उलट वाढतं. हे जाळं विणायला रेणूत दुहेरी बंध लागतात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं आणि त्यात असे तीन बंध असतात. करडईत मुख्यतः दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल असतं, म्हणून ते सावकाश वाळतं, पण पिवळंही कमी पडतं. खोबरेलात असे बंध जवळजवळ नसतातच. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं यावरून रंगवाले हे बंध मोजतात. जवसाचा आकडा साधारण 170 ते 200, करडईचा 140 ते 150, शेंगदाण्याचा 85 ते 100 आणि खोबरेलाचा 10 च्या आसपास. 130 च्या वरची तेलं वाळणारी, असा ढोबळ हिशोब धरा. चीनमधलं टंग तेल आणि अक्रोडाचं तेल हीही याच बिरादरीतली. एरंडेल स्वतः वाळत नाही, पण कारखान्यात त्यातून पाण्याचा रेणू काढला की तेही वाळू लागतं आणि रंगात वापरलं जातं.

पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. तेलाला हवा हवी, म्हणून थर पातळ हवा, आणि त्याच हवेमुळे तेल पुसलेल्या चिंध्यांना आग लागू शकते.

काय आणावं

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'बेलतेल' मागा. बेलफळाशी त्याचा काही संबंध नाही. ते जवसाचंच तेल. डब्यावर बहुधा 'डबल बॉइल्ड' लिहिलेलं असतं. पूर्वी हे तेल शिशाची संयुगं घालून खरंच तासन् तास तापवत. आता बहुतेक ठिकाणी कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची संयुगं थोड्या प्रमाणात मिसळतात. ती ऑक्सिजन घेण्याचा वेग वाढवतात. कच्च्या तेलाचा थर वाळायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो, बेलतेलाचा दिवसभरात बसतो.

झोपाळ्यासाठी बेलतेल घ्या. पोळपाट, लाटणं, चॉपिंग बोर्ड यांना मात्र ते नको, त्यात धातूंची संयुगं असतात. त्यासाठी घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल घ्या आणि वापरण्याआधी तीन-चार आठवडे थांबायची तयारी ठेवा. विदर्भात जवस पिकतो, त्यामुळे तिकडच्या वाचकांना ताजं तेल मिळवणं सोपं जावं. क्रिकेटच्या बॅटलाही कच्चंच तेल देतात. तिथे नियम असा की हँडल आणि त्याचा सांधा सोडून पुढची बाजू, कडा आणि टोक यांना हलका हात द्यायचा आणि बॅट आडवी ठेवायची.

पाच फूट बाय दोन फूट फळीच्या दोन्ही बाजूंना तीन हात द्यायचे तर पाव लिटर तेल पुरतं. शिवाय तेवढंच टर्पेंटाइन, 120, 180, 240 आणि 320 नंबरचे पॉलिश पेपर, जुन्या सुती बनियनची किंवा धोतराची फडकी, हातमोजे आणि झाकणाचा एक पत्र्याचा डबा. डबा विसरू नका.

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ निवडा. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत तेल रेंगाळतं, आणि ओलं जवसाचं तेल म्हणजे बुरशीला मेजवानी. कोकणात उघड्या ओटीवर असं काम केलेल्या फळ्यांवर काळे ठिपके उठलेले मी पाहिले आहेत.

आधी जुनं काय आहे ते पाहा

तेल लाकडात शिरायला हवं. पॉलिशवर ते नुसतं तरंगतं. फळीवर पाण्याचे दोन थेंब टाका. दहा मिनिटांत शोषले गेले तर लाकूड उघडं आहे. मोत्यासारखे उभे राहिले तर वर काहीतरी आहे. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस एका कोपऱ्यावर घासा. चिकट होऊन पिवळट-तपकिरी निघालं तर ते लाखेचं पॉलिश, ते स्पिरिटनंच उतरवता येतं. काहीच निघालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचं कडक पॉलिश असण्याची शक्यता, आणि तिथे घासण्याशिवाय गत्यंतर नाही.

फळीवर जुना ऑइल पेंट असेल तर जरा थांबा. शिसं घातलेले रंग आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरले गेले. घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं नको, हा नियम 2016 चा. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते. तो ओला करून, मास्क लावून खरवडा, आणि घरात लहान मूल असेल तर काम बाहेर काढा.

घासणं

निम्मं काम इथेच असतं. 120 नं सुरुवात करा, मग 180, मग 240. लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घासा. आडवं घासलं तर तेल लागताच एकेक ओरखडा उठून दिसतो. 240 च्या पुढे जाण्याचा मोह टाळा, फार गुळगुळीत लाकूड तेल कमी पितं. फळीची दोन टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, ती मात्र 320 पर्यंत न्या. ती टोकं स्ट्रॉसारखी तेल ओढतात आणि बाकीच्या फळीपेक्षा काळी पडतात.

आता सागवानाची खोड. साग स्वतःच तेलकट असतो आणि त्याच्यातले काही नैसर्गिक पदार्थ तेलाला वाळू देत नाहीत. जे पदार्थ सागाला वाळवीपासून वाचवतात, तेच इथे आडवे येतात. शिसवीचंही तसंच. म्हणून घासून धूळ झटकली की टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं फळी दोनदा पुसा, अर्धा तास उडू द्या आणि त्याच दिवशी पहिला हात द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

पहिला हात

बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळा. फडक्यानं सढळ हातानं लावा, टोकांना दोनदा. वीस मिनिटं थांबा. जिथे लाकूड कोरडं दिसेल तिथे आणखी लावा, आणखी दहा मिनिटं द्या. मग कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. हात फिरवला तर फळी ओली लागता कामा नये. 'एवढं लावून पुसायचंच तर लावलं कशाला' असं वाटेल. लाकडाच्या आत जे गेलं तेच आपलं. वर राहिलं ते घोळ घालणार.

जाड थर का नको ते सांगतो. त्याच्या वरच्या भागाला हवा आधी मिळते. तो ऑक्सिजन घेऊन फुगतो, आकसलेल्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात, आणि खाली तेल महिनोन् महिने ओलंच राहतं. चित्रकारांचा 'खाली कमी तेल, वर जास्त' हा नियमही याच कारणानं आला. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असेल तर वरचा आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्र तडकतं. आपण पहिल्या हातात टर्पेंटाइन घालतो आणि पुढच्या हातांत घालत नाही, ते लाकडात खोल शिरावं म्हणून. पण क्रम तोच आहे.

फडक्यांचं काय करायचं

हा भाग वाचल्याशिवाय काम सुरू करू नका.

तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. पण तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत कोंडते, तापलेलं तेल आणखी वेगानं ऑक्सिजन घेतं, आणि काही तासांत काडी न लावता बोळा पेटू शकतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत 22 व्या मजल्यावर आग लागली, ती जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांमुळे. आग 18 तासांहून जास्त धुमसली आणि अग्निशमन दलाचे 3 जवान मृत्युमुखी पडले. ती थांबली 30 व्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर होते.

तेव्हा काम संपताच प्रत्येक फडकं पाण्यात बुडवून त्या पत्र्याच्या डब्यात पाण्यासकट झाकून ठेवा. किंवा बाहेर तारेवर एकेक सुटं वाळत घाला, एकावर एक नको. वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं फडकं निर्धोक असतं. घरी मदतीला येणाऱ्या मावशींना, मुलांना हे सांगून ठेवा. कुणीतरी आवराआवर करताना सगळी फडकी एका पिशवीत कोंबतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

पुढचे हात

चोवीस तासांनी फळीवर हात फिरवा. चिकट लागली तर आणखी एक दिवस द्या. पंखा लावला तर चालतो, भर उन्हात मात्र ठेवू नका. कोरडी झाल्यावर 320 नं हलकं घासा, धूळ पुसा आणि आता निव्वळ तेलाचा, अगदी थोडा, हात द्या. फळी ओली दिसेल इतकंच लावा, पंधरा मिनिटांनी पुसा. तिसरा हातही असाच. तीन हातांनी सागाला मधाळ रंग आणि मंद तुकतुकी येते. आरशासारखी चकाकी हवी असेल तर हा मार्ग तुमचा नाही. त्यासाठी पॉलिशवाल्याला बोलवा.

तिसऱ्या हातानंतर तीन आठवडे झोपाळा टांगू नका. मग पांढरा रुमाल फळीवर जोर देऊन घासा. रुमाल स्वच्छ राहिला तर कड्या अडकवा.

एवढं करूनही फळी चिकट राहिली, तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं वरचा थर घासून काढा, पुसा आणि आठवडाभर हवेत ठेवा. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण लाकडात अडकतात आणि पावसाळ्यात गंजून डाग देतात.

अपेक्षाही माफक ठेवा. हा थर मऊ असतो. गरम चहाचा कप थेट ठेवला तर पांढुरकी गोल खूण उठू शकते, पाणी साचून राहिलं तर डाग पडतो, आणि अंधाऱ्या खोलीत तेल पिवळं पडत जातं. याच्या बदल्यात मिळते ती दुरुस्तीची सोय. डाग पडला तेवढीच जागा घासायची आणि एक हात द्यायचा. मेलामाइनवर ओरखडा पडला तर सगळी फळी उतरवावी लागते. वर्षातून एकदा, पावसाळ्याची ओल सरल्यावर, एक पातळ हात पुरतो.

डब्यात तेल उरलंच, तर डबा अर्धा रिकामा ठेवू नका. आतली हवाही तेलाला पुरते आणि आतच साय धरू लागते. लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ ओता. तशी बाटली नसेल तर मुलांच्या काचेच्या गोट्या धुऊन, वाळवून तेल वर येईपर्यंत डब्यात सोडा. तरी साय आलीच तर ती ढवळून मिसळायची नाही. कडेनं सुरी फिरवून अख्खी उचलायची आणि खालचं तेल जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्यायचं.