वाड्यातला झोपाळा आणि फ्लॅटमधला सोफा: एका हॉलची तयारी

पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातो आणि आई-बाबा मुलाच्या फ्लॅटवर राहायला येतात. त्यांच्यासोबत सागवानी झोपाळा, शिसवी कपाट, लंबकाचं घड्याळ, समया आणि तसबिरीतले पणजोबाही येतात. इकडे हॉलमध्ये पांढऱ्या भिंती, बारीक पायांचा करडा सोफा आणि सुनेनं हौसेनं राखलेली मोकळी जागा असते. अशा वेळी खोलीची वाटणी करायचा मोह होतो: ही भिंत तुमची, ती आमची. तसं करू नका. जुनं आणि नवं एकमेकांत मिसळलं तरच हॉल सगळ्यांचा होतो, आणि ती तयारी सामानाचा टेम्पो येण्याच्या महिनाभर आधी सुरू करावी लागते.

आधी कागद घ्या. ज्यांच्यावाचून घर आपलं वाटणार नाही अशा दोन वस्तू आणि अजिबात खपणार नाही अशी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकानं लिहावी, नातवंडांनीसुद्धा. बाबा घड्याळ लिहितील, सून सोफ्यासमोरची मोकळी फरशी लिहील, आणि दोन्ही मागण्या सारख्याच वजनाच्या आहेत. त्याच कागदावर हॉलमध्ये कोण कधी काय करतं तेही मांडा: सकाळचा पेपर, ऑफिसचा कॉल, दुपारची मालिका, मुलांचा अभ्यास. कुठली वस्तू कुठे जाईल हे शोभेपेक्षा या वेळापत्रकावरून जास्त नीट ठरतं.

मग टेप घ्या. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, फ्लॅटचं दार आणि कपाट, सगळं मोजा. लिफ्टचं दार पुष्कळदा जेमतेम अडीच फुटांचं असतं. जुनी कपाटं अनेकदा लाकडी खुंट्यांवर जोडलेली असतात आणि जाणता सुतार ती सुटी करून देतो. सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक भागावर खडूनं आकडा घाला. लाकडाला बारीक गोल भोकं असतील आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत असू शकते. औषधफवारणी वाड्यातच उरका, नाहीतर ती कीड नव्या फर्निचरपर्यंतही पोचेल.

झोपाळ्याला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण चूक झाली तर इजा माणसाला होते. फॉल्स सीलिंग झोपाळ्याचं वजन पेलत नाही. कड्यांचे हूक आरसीसी स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये कुठे आणि कसे बसवायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून ठरवा आणि हे काम रंगाच्या आधी करून घ्या. पंख्याची पाती आणि कड्या यांत भरपूर अंतर हवं. झोका पुढे-मागे जाईल तिथे जाण्या-येण्याची वाट नको. पाट फरशीपासून साधारण अठरा इंचांवर ठेवला तर दुखऱ्या गुडघ्यांनाही उठता येतं. आई-बाबा बसताना झोपाळा हलू नये म्हणून त्याला अडकवून ठेवायची सोय करा. हूक बसवणं शक्यच नसेल तर पाटाला भक्कम पाय लावून खिडकीखाली बाक करा. झोका जाईल, पण रोजची बसायची जागा तीच राहील, आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

रंग निवडण्याआधी दिवे बदला. हा क्रम फार थोडे लोक पाळतात. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्याफेक उजेडात सागवानाची सोनेरी झाक मरते आणि करडा सोफा निळसर दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावले की दोन्ही एकाच घरातले वाटू लागतात. मात्र वय झालेल्या डोळ्यांना वाचायला जास्त उजेड लागतो, म्हणून झोपाळ्याजवळ वेगळा वाचनदिवा हवाच. या उजेडात भिंतीवर दोन फुटी चौकोन रंगवून सकाळी आणि रात्री पाहा. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर पांढरा रंग शिसवी कपाटामागे जास्त खुलतो.

लाकडाला लाकूड जुळवायला जाऊ नका. जुन्यावर फिकट रंग चढवणं किंवा नवं टेबल गडद करून घेणं, दोन्हीत पैसे जातात आणि वस्तूची मूळ शोभाही जाते. त्याऐवजी प्रत्येक बाजूचा थोडा अंश पलीकडे न्या: सोफ्याच्या वरच्या भिंतीवर गडद लाकडी तसबिरी, झोपाळ्यावर सोफ्याच्या कापडाची गादी, दोघांच्या मध्ये हातमागाची सतरंजी, खणाचे दोन अभ्रे. एखादी नवी वस्तू घ्यायचीच असेल तर सागवान आणि वेताची साध्या घडणीची खुर्ची घ्या. चंदीगड उभारताना १९५० च्या दशकात वास्तुकार पिअर जानरे यांनी सरकारी इमारतींसाठी अशाच खुर्च्या घडवल्या. लाकूड आणि विणकाम ओळखीचं, आकार नवा. जुन्या-नव्यामध्ये ती सहज बसते. लाखेचं फ्रेंच पॉलिश असलेल्या जुन्या टेबलावर गरम कप टेकला की पांढरा डाग उमटतो, तेव्हा कपाखालच्या चकत्या आधीच आणून ठेवा.

पितळ कमी ठेवा आणि ठेवाल ते वापरा. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्यानं १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात सर्वांत जास्त कौतुक साध्या लोट्याचं केलं, आणि मोकळ्या फळीवर एकटा ठेवलेला लोटा पाहिला की त्यांचं म्हणणं पटतं. पंधरा भांडी ओळीनं मांडली की एकही नजरेत भरत नाही. देव्हारा हॉलमध्ये असेल तर समईच्या ज्योतीजवळ झुळझुळीत पडदे नकोत, वर फळी नको.

राहिली शेवटची परीक्षा, गणपतीची. मखर कुठे बसेल, आरतीला पंचवीस माणसं कुठे उभी राहतील, हळदीकुंकवाला सतरंजी कुठे अंथरायची, हे फरशीवर खडूनं आखून बघा. जड कपाट एकदा बसलं की हलत नाही, सोफा दोघं मिळून सरकवतात, म्हणून कपाटाची जागा आधी पक्की करा. काही भिंतींवर पहिले सहा महिने खिळाही ठोकू नका. राहायला लागल्यावर आईच सांगतील घड्याळ कुठून दिसायला हवं ते.