अर्ध्या मिलिमीटरच्या नळीतून कोबाल्ट कसं काढावं

पाण्यात धातू नावापुरताच असला की तो वेगळा करणं जिकिरीचं होतं. पाणी आटवायचं तर इंधन फार जातं, टाकीत ढवळायचं तर महागडा द्रावक पिंपभर लागतो. आयनिक द्रव म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारे क्षार. ते बारीक नळीतून पाण्याबरोबर सोडले की थोडक्यात काम भागतं. पण हा प्रयोगशाळेतला उद्योग आहे, घरचा नव्हे: कोबाल्टची संयुगं विषारी असतात. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट, हवंच.

सुरुवात शेवटापासून करा. पाण्यातून आयनिक द्रवात गेलेला धातू परत कसा मिळवणार? धातू गिळणारे आयनिक द्रव पुष्कळ आहेत, ओकणारे कमी. म्हणून पहिल्या खेपेला कोबाल्ट आणि लांब शेपट्यांचं, म्हणजे लांब कार्बन साखळ्यांचं, फॉस्फोनियम क्लोराइड हा आयनिक द्रव, ही जोडी घ्या. पाण्यात क्लोराइड भरपूर असलं की कोबाल्ट चार क्लोराइड आयन धरतं, ऋणभारित होतं आणि आयनिक द्रवात शिरतं. निकेलला हे जमत नाही, ते पाण्यातच राहतं.

हा द्रव मधासारखा दाट असतो. कोबाल्ट नसलेल्या, पण क्लोराइड असलेल्या पाण्यात तो आधी घुसळून घ्या. पाणी पिऊन तो बराच पातळ होतो. नळी ६० अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवली तर पंपावर जोर येत नाही.

टेफ्लॉनची ०.५ मिलिमीटर आतल्या व्यासाची १ मीटर नळी, टी-जोड आणि दोन सिरिंज पंप जोडा. नळीत आधी आयनिक द्रवच भरा, मग पाणी सोडा. मी एकदा उलट केलं, तर तासभर वेडेवाकडे तुकडेच येत राहिले. टेफ्लॉनला हा द्रव चिकटतो, पाणी चिकटत नाही; त्यामुळे पाण्याचे सुटे तुकडे होतात आणि भोवती द्रवाची पातळ साय राहते. भिंगातून पाहा: तुकडे गुलाबी, साय हळूहळू निळी. तुकड्याच्या आत पाणी गोल फिरत असतं आणि धातूला जायचं अंतरही इवलंसं, म्हणून वेळ कमी लागतो.

नळीत साधारण १९६ मायक्रोलिटर मावतात. दोन्ही पंपांचा मिळून वेग मिनिटाला २०० ठेवला तर जेमतेम मिनिटभराची गाठभेट होते. पाणी पाच भाग, द्रव एक भाग घेतला आणि समतोलात द्रवातलं कोबाल्टचं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा १०० पट असेल, तर १०० भागिले १०५, म्हणजे ९५ टक्के धातू आत जातो.

टोकाला उभ्या बाटलीत जमा करा. द्रव हलका, तो वर तरंगतो. निळा थर काढून साध्या पाण्यात दोन-तीनदा घुसळा. क्लोराइड घटतं, पाणी गुलाबी होतं आणि द्रव पुन्हा वापरता येतो. पाणी मात्र मोरीत ओतू नका. हे द्रव उडून जात नाहीत, पण त्यातले काही जलचरांना बाधतात.

शेवटी कोबाल्टचा जमाखर्च मांडा. तो जुळत नसेल तर आधी रिकामी नळी उजेडात धरा. भिंतीवर निळसर झाक दिसली, तर हरवलेला हिस्सा तिथेच बसलाय.